धोंडाबाईचा पांगुळगाडा

धोंडाबाईला पोरं आवडत नसत, आणि हे ती कुणापासून लपवूनही ठेवत नसे. "शेंबूड, मूत आन रडं, ह्याबिगर पोरांत हाय काय?" असं ती त्यांच्या आयांच्या तोंडावर म्हणायची. आया हसायच्या, आपापलं पोर तिच्यापुढं ठेवायच्या आणि भाताच्या खाचरात उतरायच्या. पहिल्या लढाईच्या शेवटी आलेल्या मानमोडीच्या तापाच्या साथीनंतर जी सुरुवात झाली, ती दुसऱ्या लढाईत तांदूळ रेशनवर मिळायला लागला तोवर चालली. तेवढ्या वर्षांत कार्ला गावात जन्मलेलं बहुतेक प्रत्येक पोर एखादा पावसाळा तरी तिच्या हाताखालून गेलं. आवडीनं केलेली कामं अर्धवट सुटतात आणि नावडीनं धरलेलं काम जन्मभर पुरतं, असं काही माणसांच्या बाबतीत होतं खरं.

तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी हिचं नाव दगडाचं ठेवलं. दगडाकडं मरण ढुंकून बघत नाही म्हणतात. धोंडाबाईच्या बाबतीत ते खरंही ठरलं, पण तिच्या माणसांच्या बाबतीत नाही. मानमोडी आली आणि एका आठवड्यात भिंतीला धरून उभी राहू पाहणारी लेक गेली, पाठोपाठ नवरा गेला. त्या लेकीसाठी सोपान सुतारानं पांगुळगाडा करून दिला होता. तीन चाकं, हाताला धरायला आडवी दांडी, आणि दांडीवर दोन लाकडी पोपट, गाडा हलला की टकटक वाजणारे. गाडा घरात आला त्याच दिवशी पोरीला ताप भरला. पुढं काय झालं ते सांगायला नको.

आता, मावळात पांगुळगाडा कुणा एकाच्या मालकीचा नसतो. एका घरातलं पोर चालायला लागलं की गाडा पुढच्या घरी जातो, तिथून त्याच्या पुढच्या. पण धोंडाबाईच्या पडवीतल्या खुंटीवर टांगलेला गाडा मागायची कुणाची छाती झाली नाही. तिनंही तो कधी खाली काढला नाही. दर दिवाळीला मात्र ती त्याच्यावरचं जाळं झाडायची.

शेती दिराकडं गेली आणि धोंडाबाई पोरं राखायला लागली. लावणीच्या दिवसांत घरात बाईमाणूस राहत नाही. म्हातारीसुद्धा इरलं डोक्यावर घेऊन रोपं उपटायला बसते. मग गावातला मोठा शेतकरी कोंडाजी, त्याच्या शेतातल्या गोठ्यात गुरांच्या शेजारी पेंढा पसरायचा, त्यावर पोरं आणि पोरांच्या उशाला धोंडाबाई. कापणी झाली की प्रत्येक घरातून तिला सुपातून भात यायचा. काम अवघड नव्हतं, कारण पोरं निजलेली असायची. निजवायची तऱ्हा आज्या-पणज्यांपासून चालत आलेली. सकाळी आईनं मोहरीएवढी अफू दुधात कालवून पोराच्या जिभेला लावायची, की दुपारपर्यंत चिंता नाही. त्याला कुणी अफू म्हणत नसे, गोळी म्हणत. धोंडाबाईला ही तऱ्हा फार पसंत होती. निजलेलं पोर तेवढं गुणाचं, असं तिचं मत होतं.

असल्याच एका लावणीत डोंगरावरच्या वाडीतली हिरी कामाला उतरली. पाठीवर पदरात बांधलेलं पोर पाच वर्षांचं झालं असेल. कान्हू त्याचं नाव. मान धरत होता, पण पाय एकमेकांत अडकलेले, कात्री मिटावी तसे. भुईवर उभा केला की गुडघ्यात मोडून खाली.

"मावशी, ह्येला काय बगाया लागत न्हाई," हिरी म्हणाली. "ठिवला त्या जागी ऱ्हातोय. खुळं हाय माजं लेकरू. गोळी दिलीया, वाईच थोराड हाय म्हून जास्तीच दिलीया."

"तसं आसंल तर ऱ्हाऊ दे," धोंडाबाई म्हणाली. कोंडाजीची बायको कस्तुराबाई हिचा नातू त्याच पेंढ्यावर निजत होता आणि वाडीवरचं पोर त्याच्या शेजारी तिला चाललं नसतं. म्हणून कान्हूला गव्हाणीपाशी ठेवलं. तो तिथं दिवसच्या दिवस पडून असायचा. धोंडाबाई त्याच्याकडं बघायचीही नाही. बघण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलं नव्हतं.

एक दिवस ओढ्याला पाणी चढलेलं. हिरी पोरासकट पलीकडून येताना घसरली आणि कनवटीची पुडी भिजून विरघळून गेली. त्या दिवशी कान्हू गोळीवाचून आला. धोंडाबाईनं कपाळाला हात लावला. पण पोर काही रडेना. ती भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसली, तोच कोंडाजीचं वासरू दावं ओढून पुढं आलं आणि त्यानं भाकरीवर पाय दिला. धोंडाबाईनं वासराच्या आईपासून सुरुवात करून त्याच्या सात पिढ्या काढल्या. आणि गव्हाणीपाशी कुणीतरी खुदकन हसलं.

तिनं वळून पाहिलं. कान्हूचे डोळे टक्क उघडे होते. तिनं मुद्दाम वासराला आणखी एक ठेवणीतली शिवी दिली. कान्हू पुन्हा हसला, आणि बरोबर शिवीच्या शेवटाला हसला.

"कुनाला रं हसतुयास, मला?"

पोराचं तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या, शब्द कुठूनतरी खोलातून ओढून काढावा तसा आला. "वा... वासरू."

तुडवलेली भाकरी उचलायला वाकलेली धोंडाबाई तशीच राहिली. खुळं पोर विनोदाला हसत नाही, एवढं तिला कळत होतं. आणि मग जे तिच्या मनात आलं त्यानं तिला त्या रात्री झोप लागली नाही. हे पोर खुळं आहे असं आईनं ठरवलं, बापानं ठरवलं, सगळ्या वाडीनं ठरवलं. पण जन्मल्यापासून ते जागं होतंच कधी? पायाची अडचण देवानं दिली असेल. डोळ्यांवरची झापड मात्र माणसांनी दिली होती, आणि त्या माणसांत धोंडाबाईही होती.

दुसऱ्या दिवशी तिनं हिरीला बजावलं, गोळी बंद. मग बाकीच्या पोरांकडं बघताना तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली आणि तिनं सगळ्यांचीच बंद करवली. गावात रण पेटलं. जागी पोरं रडली, खाचरात आयांचे हात थांबले.

"आमच्या आज्यांनी दिली, पनज्यांनी दिली. त्यांच्या पोरांचं काय वाईट झालं?" कस्तुराबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

"झालं आसतं तरी त्यास्नी कळलं नसतं," धोंडाबाई म्हणाली. "निजली व्हती."

गोळी बंद करणं सोपं होतं. पण जाग्या पोरांना करायचं काय? धोंडाबाईला गाणी येत नव्हती, लाड येत नव्हते. तिला येत होतं ते तिनं केलं. चिखलाच्या भाकऱ्या थापायला बसवलं, पेंढ्याचे बैल वळून दिले, बेडूक कुठं लपला ते शोधायला लावलं, आणि दिवसभर तोंड चालू ठेवलं. तिच्या गोठ्यात वाढलेली पोरं लवकर बोलायला लागली, अशी पुढं गावात ख्याती झाली. काय बोलायला लागली ते मात्र आयांना चारचौघांत सांगता येत नसे. कान्हू गव्हाणीपाशी बसून सगळं ऐकायचा आणि कुठला बैल कुणाच्या हातात गेला ते एकेका शब्दानं सांगायचा. धोंडाबाईनं त्याला पेंढ्याच्या दोन भाऱ्यांच्या मधे बसता करून दिला होता.

बेणणीच्या, म्हणजे भातातलं तण काढायच्या वेळी, एका दुपारी, हिरी बांधावर बसून रडताना दिसली. धोंडाबाईला रडणारी माणसं बघवत नसत, म्हणून ती आधी ओरडली आणि मग शेजारी बसली. हिरीनं सांगितलं ते असं. तिचा नवरा शिदू लोणावळ्याला धरणाच्या कामावर होता. ते काम संपलं आणि तो घरी बसला. गेल्या चैत्रात एकवीरेच्या जत्रेत त्याला हौशीराम नावाचा एक माणूस भेटला. हा हौशीराम पांगळी पोरं फळीच्या गाड्यावर बसवून जत्रा-जत्रांतून फिरवायचा. लोक पोराकडं बघून देत, त्यात पोराचंही पोट भरे आणि हौशीरामाचंही. येत्या जत्रेला कान्हूला आपल्याकडं दे, असं तो म्हणाला होता, आणि शिदूनं मान डोलावली होती.

धोंडाबाई त्याच संध्याकाळी वाडीवर चढून गेली. शिदूला खूप सुनवायचं असं ठरवून गेली होती, पण शिदू अंगणात बसून कान्हूच्या पायांना तेल चोळत होता. त्यामुळं तिची पहिली शिवी तोंडातच राहिली.

"मावशी, मी हाय तंवर खांद्यावर वागवीन," शिदू म्हणाला. "माज्यामागं काय? बसल्या जागी कोन घालनार ह्येला? त्यो मानूस मारत न्हाई, जेवू घालतो. मी बगितलंय."

"आन चाललं तर?"

"चाललं तर कशाला दीन? चाललं तर मी हौशीरामाकडं बगनार पन न्हाई."

"मग चैतापत्तूर तोंड मिटून बस," असं म्हणून धोंडाबाई डोंगर उतरली. निम्म्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की पोर चालवायचं कसं हे आपल्याला मुळीच ठाऊक नाही. जीभ पुढं गेली होती आणि अक्कल मागून लंगडत येत होती.

घरी आल्यावर तिनं खुंटीवरचा पांगुळगाडा काढला. दुसऱ्या दिवशी गोठ्यात कान्हूपुढं ठेवला तर दांडी त्याच्या गुडघ्याला लागली. तो होता एका वर्षाच्या पोरीसाठी. तिनं तो काखेत मारला आणि सोपान सुताराकडं गेली.

"ह्यो मोठा करायचाय. कान्हूच्या छातीला दांडी आली पायजे."

सोपान तासणी खाली ठेवून हसला. "पाच वर्साच्या पोराला पांगुळगाडा? धोंडाबाय, गाव हसंल."

"दात हायत तवर हसू दे."

सोपाननं मोडक्या बैलगाडीचं लाकूड काढलं. नवा गाडा कलंडू नये म्हणून त्यानं बूड रुंद केलं आणि चाकांवर एक फळी ठोकली. मग तो जुन्या गाड्याकडं बघून घुटमळला. "पोपट नव्यावर लावू का? पन काढायचं तर ह्यो मोडावा लागंल."

धोंडाबाईनं एकेका पोपटावरून अंगठा फिरवला. मग तिनं मान डोलावली, आणि सोपाननं खुंटी ठोकून दांडी सोडवली तेव्हा ती तिथून उठून गेली नाही. लेक गेली तेव्हा तिला रडायला सवड मिळाली नव्हती, कारण नवऱ्याच्या सरणाची लाकडं गोळा करायची होती. ती त्या दिवशी सुताराच्या अंगणात बसून रडली. सोपाननं मान वर न करता काम चालू ठेवलं.

गाडा तयार झाला तेव्हा कापणी होऊन गेली होती. कोंडाजीचं खळं सारवून कडक, गुळगुळीत झालेलं. कान्हूला दांडी धरून उभा केला. त्यानं अंग पुढं टाकलं, आणि गाडा सुळकन निघून गेला. कान्हू तोंडावर पडला. दुसऱ्यांदा हनुवटी फुटली. तिसऱ्यांदा एक दात गेला, दुधाचा होता एवढंच नशीब. त्याच वेळी शिदू भात झोडायला आला होता. त्यानं रक्त बघितलं, पोराला उचलून खांद्यावर घेतलं.

"बास झालं, मावशी."

"चैताला वकुत हाय आजून," धोंडाबाई म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

ती तडक सोपानकडं गेली आणि त्याच्या चाकांचा उद्धार केला. सोपानला राग आला. साऱ्या मावळात त्याच्या चाकाला नाव होतं. करंजाचं तेल पाजून त्यानं आस असा गुळगुळीत केला होता की बोटानं गाडा पळावा. "अडतं चाक माज्या हातनं व्हनार न्हाई," तो म्हणाला. "लोक म्हनत्याल सोपानचा हात गेला." धोंडाबाईला आळशी गाडा हवा होता आणि सोपानला आळशी गाडा करता येत नव्हता. भांडण मिटलं नाही.

तिनं आपल्या डोक्यानं फळीवर दगड ठेवून बघितला. दगड घसरून तिच्याच अंगठ्यावर पडला. ती पाय धरून खळ्याच्या कडेला बसली आणि सुताराला, दगडाला, देवाला जे काय म्हणायचं ते म्हणत राहिली. हिरी कामाला येताना कान्हूला अजून आणत होती, तो शेजारी बसून हसत होता. एवढ्यात कस्तुराबाईचा नातू बजरंग दुडदुडत आला. बजरंग म्हणजे दोन वर्षांचा, तुपाचा गडू. त्यानं रिकामा गाडा पाहिला, फळीवर चढून बसला आणि दोन्ही पोपट धरून "चल, चल" म्हणून भोकाड पसरलं.

धोंडाबाईच्या अंगठ्याला ठणका लागला होता, तिला उठवत नव्हतं. कान्हू सरपटत गाड्यापाशी गेला. दांडीला लोंबकळत, वेड्यावाकड्या अंगानं तो उभा राहिला. त्यानं ढकललं. ह्या वेळी गाडा पळाला नाही. वीतभर सरकला आणि बजरंगाच्या वजनानं थांबला. कान्हूचा उजवा पाय मागं राहिला होता, तो घासटत पुढं आला. मग डावा आला. पोपट टकटक वाजले. "आजून," बजरंग म्हणाला.

नेमकी त्याच वेळी कस्तुराबाई खळ्यावर आली. वाडीवरचं पोर आपल्या नातवाला गाड्यात घालून ढकलतंय, हे तिनं पाहिलं. कस्तुराबाईचं तोंड उघडलं, मिटलं. नातू खुशीत किंचाळत होता. शेवटी ती कान्हूला म्हणाली, "पाडलास तर बग." एवढं बोलून ती भात वारवायला निघून गेली.

त्या दिवसापासून हिरीनं कान्हूला धोंडाबाईच्याच घरी ठेवलं. हिवाळाभर सकाळ-संध्याकाळ बजरंगाची स्वारी निघायची. बजरंगाचं बघून बाकीची पोरं रांग लावायला लागली. गावातली, वाडीवरची, ज्यांचं तोंड शेंबडानं भरलंय तीही. फळीवर कोण कुणाशेजारी बसलं ह्याचा हिशेब ठेवणं आयांनी सोडून दिलं, कारण तेवढा वेळ पोर शांत बसत होतं. इथं एक सांगून टाकलेलं बरं, कान्हू पुढं जन्मभर वाकडाच चालला. टाच त्याची कधी भुईला लागली नाही, आणि पळणं त्याला कधी जमलं नाही. तो मोठा झाल्यावर आजूबाजूच्या आडगावांतल्या आया आपली न बसणारी, न बोलणारी पोरं घेऊन धोंडाबाईच्या दारात यायला लागल्या. तेव्हा ती पहिल्यांदा तेच सांगायची, की माझ्याकडं जादू नाही, गाडा आहे.

माघ सरला, फाल्गुन सरला. कान्हू आता खळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकाला गाडा न्यायचा, पण दांडी सोडली की खाली बसायचा. धोंडाबाईला धास्ती वाटायची ती हीच. शिदू म्हणेल, गाड्याला धरून चालणं म्हणजे काय चालणं?

चैत्री जत्रेच्या दिवशी ढोल पहाटेपासून वाजत होते. सगळ्या बायका आपापली पोरं धोंडाबाईकडं टाकून देवीला डोंगर चढून गेल्या. ती पायथ्याच्या आंब्याखाली बसली, पोरं भोवती, आणि कान्हू बजरंगाला गाड्यावर घेऊन सावलीभर फेऱ्या घालत होता. शिदू आला. त्याच्या मागं हौशीराम होता. भगवी कफनी, मऊ आवाज, आणि दोरीनं ओढत आणलेला फळीचा गाडा. गाड्यावर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा पाय दुमडून बसला होता. हौशीराम खरंच वाईट दिसत नव्हता, आणि त्यामुळं धोंडाबाईला जास्तच भीती वाटली.

"नाव काय रं तुजं?" तिनं गाड्यावरच्या मुलाला विचारलं. मुलगा गोंधळला. त्यानं आधी हौशीरामाकडं पाहिलं. "अंबाजी," तो म्हणाला.

शिदू कान्हूकडं बघत उभा होता. धोंडाबाई महिनाभर मनात घोळवलेलं सगळं बोलणं ऐन वेळी विसरली. हौशीरामानं कान्हूच्या हातावर रेवड्या ठेवल्या, अंबाजीला बाजूला सरकवलं आणि फळीवर थाप मारली.

"ये बाळा. ह्या गाड्यावर ये."

कान्हूनं रेवड्या बजरंगाच्या मांडीवर ठेवल्या. मग त्यानं हौशीरामाच्या गाड्याकडं नीट पाहिलं, चाकं पाहिली, वर बसलेला अंबाजी पाहिला. आपल्या दांडीला धरत, मग आंब्याच्या बुंध्याला धरत, तो त्या गाड्याच्या मागं गेला. फळीच्या कडेवर दोन्ही हात टेकले, अंग पुढं टाकलं आणि ढकललं. गाडा हलला. कान्हूचा उजवा पाय मागून घासटत आला. अंबाजी दचकला आणि मग हसायला लागला.

"आरं, तू बस," हौशीराम म्हणाला. "बसायचं तू."

"मी?" कान्हूला काही उमगेना. त्यानं धोंडाबाईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. गाड्यावर बारकी पोरं बसतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "मी... ढकलतो."

डोंगरावरून ढोल ऐकू येत होते. शिदूनं खाली मान घातली होती. मग त्यानं हौशीरामाकडं वळून सांगितलं.

"बसनारं न्हाई त्ये. ढकलनारं हाय. तुमी जावा, भाऊ."

हौशीरामानं अंबाजीला फळीवर नीट बसवलं. मग त्यानं दोरी उचलली आणि तो गर्दीत शिरला. अंबाजी मागं वळून कान्हूकडं बघत गेला, दिसेनासा होईपर्यंत. त्या मुलालाही ठेवून घ्यायला हवं होतं, ही टोचणी धोंडाबाईला शेवटपर्यंत राहिली. आडगावच्या कुठल्याच आईला तिनं दारातून परत पाठवलं नाही, त्याचं कारण तेच असावं.

शिदूनं सवयीनं वाकून कान्हूला उचललं आणि खांद्यावर घेतलं. बापाचा चेहरा ओला झालेला कान्हूनं पाहिला की नाही कोण जाणे. तो खांद्यावर वळवळायला लागला.

"खाली ठिव," तो म्हणाला. "बजरंग बसलाय."

शिदूनं त्याला खाली ठेवलं.